अगस्तीच्या जपाचे पाणी

यज्ञेश्वरभट निफाडकरांना मी पहिल्यांदा पाहिले त्या सकाळी मुठा नदी उलटी वाहत होती. ज्याला हे खोटे वाटत असेल त्याने ओंकारेश्वराच्या घाटावर धुणे धुणाऱ्या कोणाही बाईला विचारावे. भटजी छातीभर पाण्यात उभे होते, उजवा हात पोटावर होता आणि तोंडाने असा गजर चालला होता की नदीतले मासे पलीकडच्या काठाला जाऊन दाटीवाटीने बसले होते. पिंडावर टपलेल्या कावळ्यांनी त्या दिवसापुरता पितरांचा नाद सोडला. कोथरूडच्या एका गवळ्याची म्हैस तिथे डुंबत होती. ती इतकी दचकली की पुढे आठ दिवस तिने दुधाऐवजी थेट ताकच दिले. मी स्वतः पायरीवर उभा होतो. माझी पगडी त्या आवाजाने तिरकी झाली ती अजून नीट बसत नाही.

"हे कोणाशी भांडतायत?" मी शेजारच्या गृहस्थांना विचारले.

"भांडत नाहीत. जप करतायत."

"कोणाचा?"

"अगस्तींचा."

"अगस्तींनी यांचं काय घोडं मारलं?"

हे भटजींच्या कानावर गेले. छातीभर पाण्यातून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आपण कोण? आपल्या पोटात काही दुखतंय का?"

"नाही."

"मग उभे का? चालू लागा. ज्याचं दुखत नाही त्याच्यासाठी माझ्याकडे जप नाही."

मी चालू लागलो. चालता चालता माझ्या डोक्यात जो किडा वळवळला त्यावर पुढचा सगळा अनर्थ उभा राहिला. तो किडा आज सापडता तर मी त्याला चिरडले असते. पण ते पुढे येईल.

पानिपताला तेव्हा पंचवीस वर्षे होऊन गेली होती आणि पुण्याला लढायांपेक्षा जेवणावळींचे घाव जास्त होऊ लागले होते. अशा गावात अगस्तींचे महत्त्व मी काय सांगावे? आपल्या घरोघर पान वाढून जेवण झाले की पोटावरून हात फिरवून ज्या ऋषींची आठवण काढतात ते हे. वातापी नावाचा राक्षस बोकड होऊन स्वतःला शिजवून घेई, ब्राह्मणांच्या पोटात जाई आणि भावाने हाक मारली की पोट फाडून बाहेर येई. अगस्तींनी तो खाल्ला, पोटावरून हात फिरवला आणि तो जिरला असे सांगितले. भाऊ हाका मारत बसला. यज्ञेश्वरभटांना ही गोष्ट फार आवडे. "याला म्हणतात काम," ते म्हणत. "तह नाही, वकील नाही, निरोप नाही, उद्या या नाही. जिरवला म्हणजे जिरवला. पुण्यात एक तरी माणूस आहे का असा?"

यज्ञेश्वरभट उंचीने बेताचे, अंगाने काडी आणि रागाने जमदग्नी होते. लोकांचे राग प्रसंगाने येतात; यांचा राग पहाटे यांच्याआधी उठून, दात घासून, अंगणात उभा असे. उन्हाळ्यावर रागवत, मग पाऊस आला की पावसावर. लोटी कलंडली तर लोटीला तिच्या कुळासकट ऐकवत. मात्र नेमाचा माणूस असा की शनिवार पेठेत दुसरा नव्हता. ज्याच्या नावाने संकल्प सोडला त्याचा जप पुरा होईपर्यंत दुसऱ्याच्या नावाने मणी ओढायचा नाही. एकभुक्त राहायचे. आसन बदलायचे नाही. आणि शेवटच्या दिवशी जपाचे पाणी ज्याचे त्याच्याच हातावर सोडायचे.

हे पाणी सोडणे नीट समजून घ्यावे. जप भटजी करतात, पण तो यजमानाला पोचतो कसा? तर शेवटच्या दिवशी भटजी उजव्या तळव्यावर पळीभर पाणी आणि अक्षता घेतात, यजमानाचे नाव-गोत्र उच्चारून इतका जप तुला दिला असे म्हणतात आणि ते पाणी यजमानाच्या तळव्यावर सोडतात. झाले. त्या क्षणी जप एकाचा होता तो दुसऱ्याचा होतो. पाणी सुटेपर्यंत काही नाही. सुटल्यावर परत नाही.

आता माझा किडा. मी जयसिंगराव पागेदारांकडे कारकून होतो. त्यांची घोडी हडपसरच्या कुरणात चरत आणि धनी शुक्रवारातल्या वाड्यात चरत. मनुष्य लढाईत शूर होता. ताटावर त्याहून शूर. गनीम मागे हटलेला मी ऐकला आहे, पागेदार पुरणपोळीपुढे हटलेले कोणी पाहिले नाहीत. तर यांचे पोट दुखू लागले. तीन वैद्यांनी कमी खा म्हणून सांगितले. तिघांना वाड्याची पायरी बंद झाली. चौथा शहाणा होता. तो म्हणाला, "सरकार, एकेचाळीस दिवस अगस्तींचा जप बसवा. आणि जप चालेल तोवर आपण एक वेळ मऊ भात, बाकी काही नाही. यजमानानं पथ्य पाळलं तरच गुण." हे मागचे वाक्य त्याने दाराकडे सरकत सरकत म्हटले.

"श्रीधरपंत," पागेदार मला म्हणाले, "जपाला कोण बसेल?"

आणि मी, ज्याला त्या दिवशी गप्प बसायला काही खर्च नव्हता, म्हणालो, "शनिवारात एक भटजी आहेत. त्यांच्या आवाजानं दगड जिरेल."

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी मी दोन भालदार घेऊन यज्ञेश्वरभटांच्या दारात उभा राहिलो. ते राहत ती दीड खोली पागेदारांच्याच मालकीची होती हे मी जाता जाता सांगून टाकतो, कारण तेव्हाही मी ते जाता जाताच सांगितले होते आणि तेवढेच पुरले.

"उद्यापासून?" भटजी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला होता. "उद्यापासून मी दुसरा संकल्प सोडणार आहे."

"कोणाचा?"

उत्तर आतून आले. "माझा." उंबऱ्याला टेकून एक बाई बसली होती. बाई म्हणजे लुगडे होते आणि त्यात मोठाले डोळे. या मथुराबाई. माघापासून यांच्या पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती. वैद्याने हात टेकले होते. भटजींनी सगळी यजमानकृत्ये पुरी करून, अंगावर एकही संकल्प न ठेवता, ही अक्षयतृतीया बायकोसाठी मोकळी केली होती. दोन संकल्प एका जिभेवर चालत नाहीत, हा त्यांचा नेम.

मी काय म्हणावे? मी म्हणालो, "एकेचाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे."

यज्ञेश्वरभटांनी माझ्याकडे असे पाहिले की मी आजतागायत एकेचाळीस हा आकडा कुठे लिहिला की हात आखडतो.

"तुम्ही जा हो," मथुराबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मी कुठे पळून जाते? इतके महिने थांबले, आणखी थोडे. पण रागावून जप करू नका. जगाचं पचवता, तुमचा राग तेवढा तुम्हाला पचत नाही."

"रागावलोय कुठे मी?" भटजी ओरडले. शेजारच्या घरातले पोर रडू लागले.

जप सुरू झाला. वाड्याच्या देवघरापुढच्या ओसरीवर आसन. सूर्योदयापासून दोन प्रहरांपर्यंत. पहिल्या दिवशी देवघरातल्या समया फडफडल्या, तिसऱ्या दिवशी पारव्यांनी वळचण सोडली. मी हिशेबाच्या खोलीतून ऐकत होतो. माझे पोट तर इतके साफ झाले की मला दोन प्रहरीच भूक लागू लागली. पण पागेदारांचे पोट होते तसेच. रोज तिसऱ्या प्रहरी ते लोडावर पालथे पडून कण्हत, आणि रोज यज्ञेश्वरभट घरी जाताना विचारत, "गुण?"

"नाही," मी सांगे.

मग भटजी स्वतःवर रागवत. माझा उच्चार चुकतो, माझं मन एकाग्र नाही, मला घर आठवतं, म्हणून गुण येत नाही. हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी असे आणि ते डोळ्यांवरही रागवत. घरी मथुराबाई दिवसेंदिवस हलक्या होत होत्या. एकदा मी डाळिंबे घेऊन गेलो होतो. त्या म्हणाल्या, "भावजी, ठेवा तिथे. पाहायला बरी वाटतात."

एकतिसाव्या दिवशी बिंग फुटले. वाड्यात भांडी घासणारी सोजरबाई म्हणून एक होती. हडपसरची, तोंडाने सरळ. भटजी जप आटोपून पाय धूत होते. ती राख टाकायला आली आणि म्हणाली, "म्हाराज, येक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"येईल. विचार."

"तुमी हितं घसा फोडताय, ते कुनासाठी? धनी तर आत आमरस वरपत्यात. काल पुरनपोळ्या व्हत्या, परवा शिरकंड. मी रोज घासते की भांडी, मला म्हाईत हाय. मऊ भाताचं पातेलं तर मांजराम्होरं जातंय."

मला हे ठाऊक होते का? होते. वाड्यातल्या सगळ्यांना ठाऊक होते. आम्ही कोणी बोललो नव्हतो, एवढेच. एक माणूस दीड खोलीत उपाशी मरत होता आणि दुसरा सोळा चौकांत खाऊन मरत होता, आणि मधे बसून आम्ही नस्त्या बांधत होतो.

यज्ञेश्वरभट ओल्या पायांनी थेट दिवाणखान्यात शिरले. मी मागे धावलो. पागेदार गादीवर होते.

"पागेदार, आपलं पथ्य चाललंय ना?"

"चाललंय की."

"ओठाला काय लागलंय?"

पागेदारांनी ओठ पुसले. "गंध."

"ओठाला गंध लावायची चाल पागेत कधीपासून पडली?"

पागेदार हसले. त्यांना राग येत नसे. राग ही त्यांच्या मते रिकाम्या पोटाची गोष्ट होती. "भटजी, असं काय करता? समुद्र पिणारे ऋषी ते. त्यांना माझे चार आंबे जड झाले?"

"ऋषींनी राक्षस एकदा जिरवला. रोज दुपारी नाही. त्यांना आपण आचारी समजता की पाचक चूर्ण?"

"जप तुमचा, पचवणं त्यांचं. मी मधे कशाला उपाशी राहू?"

"मग मला मोकळा करा. आपल्याला गुण नकोच आहे. घरी माझं माणूस आजारी आहे. तिला पेज ठरत नाही."

"एकतीस दिवसांचा जप अर्धा सोडून? दोष मला लागेल. आता दहाच राहिले. पुरे करा आणि जा." पागेदारांनी जरा विचार केला, आणि समजूत घालायची म्हणून म्हणाले, "आणि बायकांचं काय हो, त्यांना खायला असं लागतंच किती?"

मला वाटले आता वाडा पडेल. पण यज्ञेश्वरभट माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "श्रीधरपंत, आपल्याला ठाऊक होतं." तो प्रश्न नव्हता. हा माणूस इतका हळू बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळले आणि पुन्हा कळू नये असे वाटले.

उरलेले दहा दिवस ते आले. जप सोडला असता तर तो कोणालाच पोचला नसता. मेलेला जप, विझलेल्या चुलीसारखा. म्हणून ते आले. पण त्या दहा दिवसांतला जप मी काय वर्णू? अगस्तींनी दाबून ठेवलेला विंध्य तिकडे उत्तरेत आणखी चार बोटे खाली गेला असेल. एकेका मण्याला ते जणू गचांडी धरून पुढे ढकलत होते. घोडी हडपसराहून वाड्यावर आणली की खूर आपटत. सोजरबाई म्हणाली, "ह्यो जप न्हाई, ह्यो दावा हाय."

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला सांगता झाली. ओसरीवर पाट मांडले. पागेदार आले ते जेवणाच्या पाटावरून उठून आले होते. यज्ञेश्वरभटांनी तळव्यावर पाणी घेतले, अक्षता घेतल्या, संख्या उच्चारली. आता नाव आणि गोत्र उरले. पागेदारांनी हात पुढे केला.

तो हात मनगटापर्यंत पिवळा होता. बोटांच्या बेचक्यांत आमरस सुकत आला होता.

"हात धुवून या," भटजी म्हणाले.

"अहो, कशाला?" पागेदार म्हणाले. "तुम्ही पाणी सोडताय ना वरून? त्यानंच धुतला जाईल. सोडा."

एकेचाळीस दिवसांचा घसा, एकेचाळीस दिवसांचा उपास, उंबऱ्याला टेकलेले ते डोळे, हे सगळे त्या तळव्यावर पळीभर होते, आणि त्याने आंबा धुवायचा होता.

यज्ञेश्वरभट उठले. तळवा तसाच, पाण्यासकट. दिंडी दरवाजातून बाहेर पडले आणि चालू लागले.

शुक्रवारातून शनिवार पेठेपर्यंत पाणी तळव्यावर घेऊन कोणी चालून पाहावे. ती कसरत दोरीवरच्या डोंबाऱ्यालाही जमायची नाही. यज्ञेश्वरभट डोळे तळव्यावर ठेवून चालत होते आणि तोंडाने वाट करत होते. मी मागे धावत होतो. "बाजूला हो! आंधळा आहेस? मग घरी बस!" भाजीवाल्यांच्या पाट्या सरकल्या. एका पालखीला त्यांनी थांबवले. आत कोण होते देव जाणे, पण पालखी थांबली. बुधवारात समोरून सरकारी हत्ती येत होता. यज्ञेश्वरभट थांबले नाहीत. "ए! दिसत नाही का? एवढे कान आहेत, ऐकत जा!" हत्ती बाजूला झाला. माहुताने पुढे महिनाभर ही गोष्ट सांगितली आणि त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मी ठेवतो, कारण मी तिथे होतो.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी मी त्यांना गाठले. "भटजी, हे पाणी पागेदारांच्या नावचं आहे. संकल्प त्यांचा सोडलाय तुम्ही. आपला नेम..."

"नेम!" ते चालत चालत म्हणाले. बोटांच्या फटीतून एक थेंब पडला. "नेम मी पाळला. पथ्य त्यानं पाळलं नाही. आणि सगळं माहीत असून गप्प बसायचा नेम आपण पाळलात. बोलू नका, आपल्या श्वासानं पाणी वाळतं."

ज्येष्ठाचे ऊन होते. मी थेंब पाहत होतो.

दीड खोलीत पोचलो तेव्हा मथुराबाई घोंगडीवर पडल्या होत्या. भटजी गुडघ्यांवर बसले. तळव्यावर अक्षता चिकटून होत्या आणि त्यांच्या मधे पाणी होते. तीन थेंब, फार तर चार.

"हात पुढे कर."

त्यांनी पाहिले आणि त्यांना कळले. भटजीची बायको, त्यांना समजावून सांगायला नको होते. "हे दुसऱ्याचं आहे."

"हात कर म्हणतो ना."

"दुसऱ्याचं घेऊन मी नाही हो जगायची. तुमचा नेम मोडायचा, तो माझ्यापायी?"

"घसा कोणाचा फाटला?" यज्ञेश्वरभट ओरडले. आवाज चिरकला. "उपास कोणी केला? एकेचाळीस दिवस मी त्याचं नाव घेतलं, आणि प्रत्येक मण्याला तुझं तोंड दिसलं. तर हा जप कोणाचा? सांग! कोणाचा?"

मथुराबाई म्हणाल्या, "शेजारचं पोर आत्ताच निजलंय," आणि हात पुढे केला.

भटजींनी त्यांचे नाव घेतले, आपले गोत्र घेतले आणि पाणी सोडले. मथुराबाईंनी तो तळवा डोळ्यांना लावला, आणि जे ओठांना लागेल ते घेतले.

"किती रागावून दिलंत," त्या म्हणाल्या. "कडू लागतंय."

मी बाहेर येऊन उंबऱ्यापाशी उभा राहिलो. मला स्वतःचा इतका राग मागे कधी आला नव्हता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हते, म्हणून मी पगडी काढून भिंतीवर आपटली.

त्या संध्याकाळी मथुराबाईंनी चार घास मऊ भात मागितला. तो ठरला. दुसऱ्या दिवशीही ठरला. तिसऱ्या दिवशी यज्ञेश्वरभट घाटावर कोणावरही न ओरडता स्नान करून गेले, तेव्हा बायकांना वाटले त्यांना ताप आला असावा.

इकडे पागेदार घाबरले होते. ब्राह्मण पाणी घेऊन रागाने उठून गेला, म्हणजे आता आपण खाऊ तो प्रत्येक घास पोटात वातापी होईल, या भयाने त्यांनी आमरस सोडला, पुरणपोळी सोडली आणि पावसाळाभर पेज घेतली. त्यांचे पोट दुखायचे थांबले. भटजींचा जप फळला, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

मथुराबाईंना आठवड्याभरात पुन्हा काही ठरेनासे झाले आणि ज्येष्ठ वद्य नवमीला त्या गेल्या. चातुर्मासात यज्ञेश्वरभटांना अगस्तींच्या जपाची सात बोलावणी आली. त्यांतली दोन त्यांनी घेतली, तीही त्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आधी विचारून.